मापाची चोळी

रोज सकाळी साडेसहाला आमच्या घरातून एक किंकाळी निघायची. शेजारच्या कोंडाबाईनं तर त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची सवय लावून घेतली होती. किंकाळी माझ्या सासूबाईंची आणि कारण मी. त्यांच्या उजव्या हातात चोळीची बाही चढवणं हे माझं दिवसातलं पहिलं काम होतं.

दिवाळीच्या आधी न्हाणीत पाय घसरला आणि गिरिजाबाईंचा खांदा मोडला. वय ब्याऐंशी. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि सांगितलं, या वयात ऑपरेशन नको, बसेल तसा बसू द्या. तो बसला तो असा की हात अंगाला चिकटलेला, वीतभरही वर होत नाही. मग बाही घालायची कशी, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. ते विचारायचं काम बायकांचं, आणि आत डॉक्टरांपुढे गेले होते माझे मालक.

मी महानंदा. अणदुरात घरीच ब्लाउज शिवते, माहेरची दोन धरून तीस वर्षं झाली. मान धरते, डोळ्यांवर चष्मा चढला, आणि लग्नसराई संपली की आठ दिवस मशीनकडे बघवत नाही. माझ्या हातचं ब्लाउज न घातलेली बाई गावात शोधावी लागेल, असं लोक म्हणतात. शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. ती माझ्याच घरात होती.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी हौसेनं आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एक चोळी शिवली होती. बाही दंडात घट्ट झाली. त्यांनी ती घडी घालून मशीनवर ठेवली, मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या त्या नंतर आणि सगळ्या गल्लीला. "सुनंच्या हातात शिवण न्हाय." झालं. त्यांच्या चोळ्या नळदुर्गचा एक म्हातारा शिंपी शिवायचा. तो वारल्यावर उरलेल्या सहा चोळ्या त्या पुरवून पुरवून वापरू लागल्या, पण माझ्याकडे खण टाकला नाही. अठ्ठावीस वर्षं झाली या गोष्टीला. मला ते लागलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, अजून लागतं.

किंकाळीला कंटाळून सिद्धारामनं, म्हणजे माझ्या मालकांनी, सोलापुरातून दोन मॅक्सी आणल्या. ढगळ बाह्या, पुढून चेन. आमची पिठाची गिरणी आहे, तेव्हा अंगभर पीठ घेऊन हे आईपुढे मॅक्सी धरून उभे राहिले.

"बेड," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर आळंदकडचं, नको म्हणायचं झालं की आधी कानडी येतं. "ही घालून म्या वट्ट्यावर बसू? लोक म्हणतील, गिरिजाबाई दवाखान्यातनं पळून आली."

"अव्वा, आता समद्याच घालतेत."

"घालू दे. माझ्या गळ्यात लिंग हाय. त्येला काय वाटंल?"

लिंगाच्या वतीनं बोलायला हे थांबले नाहीत. हे गिरणीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी चोळी घेऊन गेले तर त्यांनी डावा हात आडवा धरला. "साकु, पुरं. आता न्हाय सोसत. चोळीबी नको." पदर लपेटून, वरून शाल घेऊन त्या मागच्या खोलीत बसल्या आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. चोळी नसेल तर माणसात यायचं नाही, हा त्यांचा कायदा. रोज वट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारी बाई, ती नऊ दिवस उन्हात आली नाही. कोंडाबाई खिडकीतून हाक मारायची तर आतून उत्तर यायचं, "झोपले मी." किंकाळी बंद झाली, पण त्या बंद दाराकडे बघून मला किंकाळी बरी वाटायला लागली.

अशात आळंदहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण लक्ष्मीबाई सोमवारी भेटायला येणार होती. पुतण्याची गाडी इकडे येत होती, म्हणून जमत होतं. दोन वर्षांनी येणार होती. आत्याबाईंनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तिला सांग, येऊ नको म्हणावं."

"आवं, पर का?" मी विचारलं.

"अशी बघू दे व्हय तिनं मला?"

लक्ष्मीबाईचे गुडघे गेलेले, वय अठ्ठ्याहत्तर. पुढच्या वर्षी या म्हणायला माझी जीभ रेटेना. फोन मी ठेवला, पण येऊ नका असं सांगितलं नाही. गुरुवार होता.

आता रेवाताईंचं सांगायला हवं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ब्लाउजचे नमुने वर्तमानपत्रावर आखून कापते, सगळ्याच कापतात. एकदा रविवारची पुरवणी घेतली, काखेची गोलाई आखली, कात्री चालवली आणि मधेच थांबले. कात्री एका फोटोत शिरत होती. खणाच्या कापडाचं एक जाकीट होतं. आमच्याकडे पेटीत कुबट वास घेत पडणारा तोच खण, पण त्याचा काठ असा फिरवला होता की मी कात्री हातात धरून तशीच बसले. खाली ते शिवणारीचं नाव होतं, रेवा तळवलीकर. मुंबईच्या. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, एका बाजूनं काखेच्या गोलाईत कापलेला.

पुढं मोबाईल आला. माझी मुलगी शिवांजली सोलापुरात नर्सिंग शिकते, तिनं मला रेवाताईंचे व्हिडिओ लावून दिले. ही बाई कपडा दाखवायला घेते ती उलटी बाजू आधी. आत एक धागा लोंबत नाही, सगळ्या कडा शिवणीच्या आत बंद. म्हणते, जी बाजू अंगाला लागते ती खरी सुलटी. दिवसाला दहा ब्लाउजं उरकायची, आतल्या कडा तशाच उघड्या सोडायच्या, ही माझी रीत. ते वाक्य ऐकून मला माझीच लाज वाटली होती. ती आणखी एक गोष्ट नेहमी सांगते, "आधी अंग बघा, मग कापड." मी दर वेळी मान डोलवायची. किती खरं बोलते बाई, म्हणायची.

त्या फोटोपासून मी दर वर्षी, कामं थंडावली की, तिचं बघून एक कपडा स्वतःसाठी शिवते. ब्लाउजाला एक दुपार लागते, याला महिना लागतो. अकरा कपडे झाले, सगळे पेटीत. घालून बघितलं की काखेत धरतं. मी म्हणायची कापड कडक आहे, आणि तसंही घालून जायचं कुठं? शिवांजली हसते. "आई, हे घालून तू गिरणीत दळण टाकणार का?" आत्याबाईंपुढं तर मी पेटी कधी उघडली नाही. माझ्या शिवणीबद्दल त्यांचं मत एकदा ऐकलं होतं, तेवढं पुरे होतं.

त्या गुरुवारी दुपारी शालीवर घालायला जुनी चादर शोधत होते. पेटी उपसली आणि तिसऱ्या वर्षीचं पांढरं जाकीट पलंगावर पडलं. पडलं ते सपाट. हे जाकीट असं होतं की त्याला काखेखाली शिवणच नाही. बाही खालून उघडी, कूस उघडी, सगळं नाड्यांनी बांधायचं. मी ते बघत उभी राहिले. हे तर अंगाखाली अंथरता येईल. माणूस त्यावर निजवायचं, दोन्ही बाजू वर घ्यायच्या आणि नाड्या बांधायच्या. हात वर करायचा प्रश्नच नाही.

आठ वर्षं ते पेटीत होतं आणि महिनाभर मी रोज सकाळी त्या म्हातारीचा हात पिळत होते. मी तिथंच बसले आणि रडले. दमलेल्या माणसाला रडायला फार कारण लागत नाही.

मग उठले. आत्याबाईंच्या ओटीत आलेले खण होतेच, त्यातला जांभळा काढला. नाड्यांना त्यांचंच जुनं मऊ लुगडं फाडलं. त्यांना काही सांगितलं नाही. मापाला त्यांची एक चोळी घेतली आणि लागले कामाला.

इथं बायका माप देत नाहीत. मापाचं ब्लाउज देतात. खणाबरोबर एक जुनं, बरं बसणारं ब्लाउज पिशवीत घालून आणतात. "ह्येच्यासारखं शिवा, फक्त गळा जरा खाली." मी ते मशीनवर अंथरते, त्यावरून आखते. तीस वर्षांत मी कुणाच्या अंगाला टेप लावली असेल तर नवऱ्या मुलींच्या, ती पण दहा-बारा वेळा. टेप माझ्या गळ्यात असते ती शोभेला. ब्लाउज जुनं असलं तरी आम्ही समजून घेतो, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे.

शुक्रवारी दिवसभर आणि शनिवारी सकाळी शिवलं. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली. प्रत्येक कड दुमडून आत बंद केली, कारण आत्याबाईंची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, उघडा धागा टोचला तरी वळ उठायचा. उलटी बाजू वर धरून बघितली आणि मनात म्हटलं, रेवाताई, बघा एकदा.

शनिवारी दुपारी दार उघडून आत गेले. "आत्याबाई, जरा निजा. हात उचलायचा न्हाय. दुखलं तर म्या आयुष्यात परत शिवणार न्हाय."

का कोण जाणे, ऐकलं त्यांनी. मी चोळी खाली सरकवली, कड वर घेतली, बाही हातावरून गुंडाळली, नाड्या बांधल्या. आवाज नाही. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले, ओरडायच्या तयारीत. ते त्यांनी हळूच उघडले. मला वाटलं, जिंकले मी.

मग त्यांना उठवून बसवलं. आणि चोळी घसरली. खांदा कोपराशी आला, छातीवर नुसती पोकळ झोळी झाली. शेतातल्या बुजगावण्याला कुणी भारीतला खण चढवावा तसं दिसायला लागलं. त्यांनी खाली मान घालून बघितलं.

"ही कुणाची हाय?"

माझं टाळकंच सरकलं. तीन दिवसांचा शीण होता, अठ्ठावीस वर्षांचाही होता. "कुणाची म्हंजे? तुमचीच! तुमच्याच मापाच्या चोळीवर शिवली, बोटभर इकडचं तिकडं केलं न्हाय!"

 त्यांनी डाव्या हातानं ते सैल कापड चिमटीत धरलं, सोडलं, परत धरलं.

"मी येवढी व्हते?" त्या म्हणाल्या.

 गाठीच्या चोळीत माणूस किती आटलं हे कळत नाही, गाठ मारताना कापड जास्त घ्यायचं की झालं. आणि मी ती गाठ रोज मारत होते. रोज त्या अंगाला हात लावत होते, आटपा आटपा करत, गॅसवर दूध ठेवून. बघितलं मात्र एकदाही नव्हतं. आधी अंग बघा, मग कापड. किती वर्षं मान डोलवली होती मी.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "राहू दे. लक्ष्मीला फोन कर."

"न्हाय करत," मी म्हणाले. "सोमवारला अजून येळ हाय." आणि गळ्यातली टेप काढली.

मागच्या दारी ऊन होतं. खुर्ची तिथं ठेवून त्यांना बसवलं. टेपचं एक टोक धरायला माणूस नव्हतं, ते त्यांच्याच डाव्या हातात दिलं. छाती घेतली, दंड घेतला, खांद्यापासून कोपर. मोडलेल्या खांद्याशी हाड वर आलं होतं, तिथं मी बोट ठेवलं तशा त्या जराशा थरथरल्या, पण ओरडल्या नाहीत. मी घाई केली नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याजवळ अशी पहिल्यांदाच बसले होते.

"किती?"

"तीस."

"खरं सांग."

"अठ्ठावीस," मी म्हणाले. "मापाची चोळी अडतीसची व्हती."

त्यांनी मान हलवली. टेपचं टोक हातातच होतं, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "नळदुर्गच्या शिंप्यानं कधी टेप लावली न्हाय. गडीमाणूस त्यो, कसा लावंल? माझ्या आईची चोळी मापाला दिली व्हती पहिल्यांदा. मग तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. म्हंजे बघ, माझ्या अंगाला टेप लागली ती आज."

मी वहीत अठ्ठावीस लिहिलं आणि दंड परत एकदा मोजला.

बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, असलं शिवायला कुठं शिकलीस? मी रेवाताईंचं सगळं सांगितलं. पुरवणीतला फोटो सांगितला, उलटी बाजू आधी दाखवते ते सांगितलं. पेटी पण आणून दाखवली, आता काय लपवायचं राहिलं होतं? त्यांनी एकेक कपडा मांडीवर घेतला, उलटा केला, अंगठ्यानं आतली शिवण चाचपली. अकराच्या अकरा. मग पेटीचं झाकण लावायला सांगितलं.

मोठ्यातून लहान करता येतं, हे एक बरं असतं. शनिवारची संध्याकाळ आणि रविवार, सगळं उसवून परत कापलं, परत शिवलं. रविवारी जेवायला बसले तर घास उचलायला हात जड झाला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला चोळी घातली. खांद्यावर खांदा, दंडावर दंड. नाड्या बांधल्या, वरून इरकलचा पदर घेतला, कपाळाला विभूती लावली. एवढ्यात सिद्धाराम गिरणीतून पळत आले, भुवयासुद्धा पिठानं पांढऱ्या. "अव्वा! काय झालं? दार उघडं दिसतंय, आन् आवाज कसा आला न्हाय?"

"मेले न्हाय अजून," आत्याबाई म्हणाल्या. "वट्ट्यावर घोंगडं टाक."

लक्ष्मीबाई दहाला आली. गाडीतून उतरायलाच तिला पाच मिनिटं लागली. दोघी बहिणी वट्ट्यावर बसल्या आणि कानडीत जे सुरू झाल्या ते दुपारच्या भाकरीपर्यंत. मी चहा घेऊन गेले तेव्हा लक्ष्मीबाई चोळीची नाडी बोटात धरून विचारत होती, ही कुठं शिवली, आमच्याकडं असली कुणी शिवत न्हाय.

मी ट्रे धरून उभी. अठ्ठावीस वर्षं मी या एका उत्तरासाठी थांबले होते.

"मुंबईला एक रेवा म्हणून हाय," आत्याबाई ऐटीत म्हणाल्या. "लई मोठी बाई. तिची हाय ही."

ट्रे तिथंच आदळावा असं वाटलं. आत आले, भांडी घासायला घेतली आणि ती अशी घासली की गिरणीच्या आवाजावर ऐकू जावीत. रेवाताईंचा राग आला नाही, त्यांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. पण तीन दिवस मान मोडून मशीन मारलं कुणी? मग वाटलं, मरू दे. म्हातारी वट्ट्यावर बसली ना, झालं तर.

चारला लक्ष्मीबाई गेली. गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी आत्याबाई तिकडेच बघत होत्या. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी हाक मारली.

"महानंदा, टेप आण."

"कशाला? कुठं टोचतंय का?"

"आण तर."

आणली. त्यांनी टेपचं टोक डाव्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्यापुढं उभी राहा. पेटीतली ती अकरा. कुणाच्या मापाची हायेत?"

"माझ्याच."

"खोटं. परवा मांडीवर घेऊन बघितली की. ही एका अंगातली हायेत, पर तुझ्या अंगातली न्हायेत."

 माझं मापाचं ब्लाउज शिवांजलीच्या जन्माआधीचं. ती आता एकवीस वर्षांची आहे. रोजची ब्लाउजं मी दर वर्षी कुशीत उसवून सैल करते, पण रेवाताईंचं शिवायला बसले की काढते तेच जुनं, कोरं ठेवलेलं. काखेत धरतं ते कापड कडक म्हणून नव्हे. हे मला कधीच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, कुणास ठाऊक.

"शिवण लई चांगली हाय," त्या टेपकडे बघतच म्हणाल्या. "पैल्या वर्षीच्या चोळीचीबी चांगलीच व्हती. मीच मापाला जुनी दिली व्हती तुला. आता वाक."

मी वाकले. एक टोक त्यांनी माझ्या काखेशी दाबून धरलं, दुसरं मी पाठीमागून फिरवून पुढं आणलं. त्यांचं बोट थंड होतं. आकडे त्यांना वाचता येत नाहीत.

"किती?"

"चाळीस."

"खरं सांग."

"चव्वेचाळीस," मी म्हणाले.

"लिही," त्या म्हणाल्या. आणि मी लिहून होईपर्यंत त्यांनी टोक सोडलं नाही.